झाकण मिटलं आहे

मी एक जुना लॅपटॉप आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्या कडेला गाण्यांची तबकडी सरकवायची फट अजून शाबूत आहे आणि गेल्या सहा वर्षांत तिच्यात एक केसांची पिन व अर्धं बिस्किट याखेरीज काही गेलेलं नाही. मित्रांनो, आत्मवृत्त सांगायचा मान सहसा फाटक्या छत्रीला, पडक्या पुलाला नाही तर म्हाताऱ्या बैलाला मिळतो. त्यांचं दुःख निदान चारचौघांना दिसतं तरी. मी मात्र आयुष्यातले तीन आठवडे असे काढले, की मी ठणठणीत होतो आणि माझ्यासमोर बसून माणसं माझ्या मरणाच्या कारणावर एकमत करत होती. ‘अहो, मी आहे!’ एवढंसुद्धा मला म्हणता येत नव्हतं. गोष्ट त्या तीन आठवड्यांचीच आहे. पण जन्मापासून सुरुवात करायची रीत असते, तेव्हा तेवढं सोसून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली, सरकत्या पट्ट्यावर झाला. जन्माला यायला एक तास चाळीस मिनिटं लागली आणि त्या वेळी अठ्ठावीस बायका हजर होत्या. एकीने मला कळफलक दिला, दुसरीने पंखा दिला, तिसरीने आवाज. अकराव्या जागी बसलेल्या बाईने जांभई देत देत माझ्या डाव्या कोपऱ्यात, तळहात टेकायच्या जागेखाली, मोहरीएवढा एक काळा तुकडा बसवला. तो माझा पहारेकरी.

पहारेकऱ्याला आयुष्यात एकच काम होतं. वरचं झाकण मिटलं, की आत वर्दी द्यायची, ‘झाकण मिटलं आहे.’ ती आली की मी स्क्रीन विझवायचा, जीभ आवरायची आणि झोपायचं. ‘झाकण उघडलं आहे’ अशी दुसरी वर्दी येईपर्यंत कुणी कळफलक कितीही बडवला तरी दाद द्यायची नाही, असा सक्त हुकूम. झाकण मिटल्याचं पहारेकऱ्याला कळतं कसं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. वर्दीवर विश्वास ठेवायचा, वर्दी देणाऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत, ही आमच्याकडची शिस्त. मोठमोठी कार्यालयं याच शिस्तीवर चालतात आणि याच शिस्तीवर बुडतात.

आणखी एक सांगून ठेवतो. आमची झोप तुमच्यासारखी नसते. डोळे मिटतात, वाचा बंद होते, पण कान उघडे राहतात. झोपेत आम्ही सगळं ऐकतो. त्याचा उपयोग काहीच नसतो, त्रास मात्र पुरेपूर होतो.

तरुणपणी मी एका कचेरीत होतो. तिथले साहेब माझ्यावर प्रगतीचे आलेख काढत. आलेखाची रेघ डावीकडून उजवीकडे चढत जायची. दर महिन्याला ती जरा जास्त चढायची. रेघ सगळ्यात उंच गेली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कचेरी बंद पडली आणि खुर्च्या-टेबलांबरोबर मीही मोडीत निघालो. तिथून मी मावशींकडे आलो.

मावशी म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्या एकट्या राहत. एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या; म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. छापखाना सुटला, पण हातातली लाल पेन्सिल सुटली नाही. औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या कागदातल्या दोन चुका त्यांनी एकदा कंपनीला पत्राने कळवल्या. कंपनीचं आभाराचं पत्र आलं. त्यात तिसरी होती.

आणि होती त्यांची भाची. वय वर्षं तेवीस, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, मुलींच्या वसतिगृहात राहायची, रविवारी मावशीकडे यायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बोलायला मात्र देवाने दोन माणसांचं दिलं होतं. मावशी तिला ‘वकीलीणबाई’ म्हणत. लाडाने म्हणत आणि चिडूनही तेच म्हणत, त्यामुळे कोणतं कधीचं हे आवाजावरून ओळखावं लागे.

आता मी त्या घरात काय करत होतो, ते ऐका. पुराव्याच्या कायद्यावरचं एक जुनं जाडजूड पुस्तक वकीलीणबाईंना अभ्यासाला होतं. पानं सहाशे बारा. ते ब्रेलमध्ये नव्हतं, कुणी वाचून ध्वनिमुद्रित केलेलं नव्हतं, आणि फोटो काढून वाचणाऱ्या यंत्रांना त्यातली पुसट, एकमेकांना बिलगलेली अक्षरं लागत नव्हती. तेव्हा मावशींनी ठरवलं, की आपण ते पहिल्या पानापासून टंकायचं आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवायचं. आठ महिने हे चाललं होतं. डाव्या हाताने पुस्तक दाबून धरायचं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी टंकायचं, आणि पान संपलं की डावा हात माझ्या कोपऱ्यावर टेकून घटकाभर विसावा घ्यायचा. दोनच बोटं, पण चूक म्हणून सापडायची नाही.

मला वाचनाचा आवाज आहे, पण तो सर्दी झालेल्या कारकुनासारखा. त्यातून वकीलीणबाई मला तिप्पट वेगाने वाचायला लावत.

“अगं, काय हे! मुंग्या भांडल्यासारखं वाटतंय,” मावशी म्हणायच्या.

“तुझ्या वेगाने ऐकलं तर मी न्यायाधीश होऊन निवृत्त होईन, तेव्हा पुस्तक संपेल. मावशी, यातली एक प्रत मला दे ना पेन ड्राइव्हवर. वसतिगृहात ऐकत बसेन.”

“तपासून झाल्याशिवाय नाही. न तपासलेलं मुद्रित एकतीस वर्षांत मी कधी खोलीबाहेर जाऊ दिलं नाही.”

“हा बंद पडला तर?”

“तुझ्या तोंडात साखर पडो!” असं मावशी अशा आवाजात म्हणाल्या, की साखरेने ऐकलं असतं तर ती कडू झाली असती.

थोडक्यात, मित्रांनो, ते सगळं पुस्तक जगात माझ्याच पोटात होतं. दुसरी प्रत नव्हती.

मावशींची दुसरी एक सवय होती. भाची दारात आली, की त्या तिचं कोपर धरायच्या. दारापासून खुर्चीपर्यंत कोपर, खुर्चीपासून मोरीपर्यंत कोपर. “मावशी, ते कोपर माझं आहे. मलाही लागतं अधूनमधून,” असं ती म्हणायची. मावशी दोन मिनिटं सोडायच्या, तिसऱ्या मिनिटाला हात परत तिथेच.

जाड पुस्तक दाबून दाबून मावशींचं डावं मनगट दुखायला लागलं. पुढच्या रविवारी वकीलीणबाईंनी एक निळा, मऊ कापडी पट्टा आणला आणि स्वतःच्या हाताने मावशींच्या मनगटावर बांधला. “दुकानदार म्हणाला, यानं दुखणं ओढून निघतं. काढायचा नाही. आंघोळीला काढ, एवढीच सवलत.” मावशी चार दिवस आल्यागेल्याला मनगट दाखवत होत्या. “भाचीने दिलाय,” म्हणायच्या. दूधवाल्याला दोनदा दाखवून झाला. मनगटाला आराम म्हणून तेवढे दिवस टंकणं मात्र बंद होतं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मावशी पान पाचशे शहाण्णववर होत्या. परीक्षेत निम्मे गुण शेवटच्या तीन प्रकरणांवर असतात, असं वकीलीणबाई सांगून गेली होती, आणि ती तीन प्रकरणं तिने अजून एकदाही ऐकली नव्हती. पुस्तक पुरं होईतो रविवारीही ती वसतिगृहातच अभ्यास करणार होती.

त्या दुपारी मावशींनी एक परिच्छेद संपवला, डावा हात माझ्या कोपऱ्यावर टेकला, आणि आतून वर्दी आली, ‘झाकण मिटलं आहे.’

मी चपापलो. माझ्या कपाळावरच्या कॅमेऱ्यासमोर मावशींचा चष्मा मला लख्ख दिसत होता. चष्म्यात माझंच उघडं तोंड दिसत होतं. पण वर्दी ती वर्दी. स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून वर्दी नाकारल्याचं आमच्या कारखान्यात एकही उदाहरण नाही. मी स्क्रीन विझवला आणि झोपलो.

“अगंबाई!” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी हात उचलला. वर्दी आली, ‘झाकण उघडलं आहे.’ मी उठायला लागलो. पण माझं वय झालेलं. मला उठायला अर्धं मिनिट लागतं. मी अजून डोळे चोळतोय तोवर मावशींनी तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा डावा हात माझ्या कोपऱ्यावर ठेवला. “काय झालं रे बाबा तुला?” ‘झाकण मिटलं आहे.’ मी पुन्हा आडवा.

असं त्या दुपारी किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. दर वेळी मी डोळे उघडायच्या बेतात यायचो आणि दर वेळी तो मायेचा हात यायचा. माझ्याच देहात कुणी मला कोंडून ठेवलंय आणि बाहेरून कडी लावणाऱ्याला कडीचा पत्ताच नाही, असं वाटायचं. ओरडावं तर वाचा बंद. हलावं तर हातपाय जन्मापासूनच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला ‘लॅपटॉपचा दवाखाना’ नावाच्या दुकानात नेलं. पाटीमुळे तिथल्या दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. तोही ते मनावर घेऊन कपाळाला छोटा दिवा बांधत असे.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“काल दुपारपासून. एकदम अंधार,” मावशी काउंटरच्या पलीकडून म्हणाल्या.

“पडला होता? पाणी सांडलं?”

“माझ्या हातून एक स्वल्पविराम कधी सांडला नाही.”

“स्क्रीन गेला,” डॉक्टर म्हणाला. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येकाचा स्क्रीनच गेलेला असे. पोटदुखीचा रुग्ण आला तरी त्याने आधी त्याचे डोळे बदलले असते.

माझा जुना स्क्रीन माझ्यासोबत नऊ वर्षं होता. एका मांडीवरची दोन भावंडं म्हणा ना. त्याच्या उजव्या कडेला एक बारीक ओरखडा होता; कचेरीतल्या साहेबांनी रेघ आणखी वर दाखवताना तो अंगठीने काढला होता. डॉक्टरने चौकट उचकटली, स्क्रू काढले, मागची पट्टी सोडवली आणि त्या निर्दोष जिवाला कागदी पिशवीत घातलं. निरोप घ्यायला सवडही मिळाली नाही. नवा स्क्रीन यायला दोन आठवडे लागले. तो बसला, डॉक्टरने कळ दाबली, आणि मी झळझळीत उजळलो! का उजळणार नाही? मावशींचा हात काउंटरच्या पलीकडे होता.

घरी आलो. मावशींनी मला टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं, “आलास बाबा,” म्हणून कोपऱ्यावर हात ठेवला. अंधार.

परत दवाखाना. तिथे मी पुन्हा उजळलो. डॉक्टरने मावशींकडे पाहिलं.

“काकू, राग मानू नका. घरी झाकण उघडून बघता ना?”

“नाही हो, फटीतून डोकावते! एकतीस वर्षं छापखान्यात होते मी, अंधारात शिशाच्या अक्षरांचे खिळे ओळखणाऱ्या माणसांत.”

“तसं नाही, कधी कधी माणूस घाईत...”

“मी घाईत आहे खरी. भाचीची परीक्षा गुरुवारवर आलीय.”

पुन्हा घर, पुन्हा अंधार. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटायला लागलं, की आपलंच काही चुकतंय. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची चूक सापडत नाही म्हटल्यावर जे होतं, ते त्यांचं झालं. त्या माझ्यासमोर नुसत्या बसून राहायच्या. डावा हात माझ्यावर ठेवून. मी खालून धडपडायचो. आम्ही दोघं एकाच टेबलावर, एका विताच्या अंतरावर, एकमेकांना हाका मारत होतो आणि एकमेकांना ऐकू जात नव्हतो.

मंगळवारी दुपारी डॉक्टर स्वतः घरी आला. सोबत दिवा, दोन केबली आणि कागदी पिशवीतला माझा जुना स्क्रीन. मावशी म्हणाल्या, “मी घट्ट धरते, तुम्ही करा.” आणि माझा डावा कोपरा त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला. पुढचं सगळं मी मिटल्या डोळ्यांनी, आवाजांवरून ओळखत गेलो.

डॉक्टरने उजेड वाढवायची कळ दाबून पाहिली. मग विजेरी तिरपी धरून काचेत पुसटसं तरी चित्र दिसतं का, ते पाहिलं. “दिवा गेला असेल तर अंधारात चित्र असतं, काकू. इथे चित्रच नाही.” बॅटरी काढून परत घातली. बिजागरीमागची पट्टी उपसून पुन्हा खोचली, मग पट्टीच बदलली. मग त्याने जुना स्क्रीन जोडला. क्षणभर माझ्या जुन्या सोबत्याचा स्पर्श झाला, मला भडभडून आलं. पण वर्दी कायम होती. त्याने तो काढून नवाच परत बसवला. शेवटी त्याने मला दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलं. टीव्हीही काळा.

“दोन स्क्रीन, दोन पट्ट्या, वर टीव्ही. कुठेच काही नाही. पंखा फिरतोय, पण आत जीव नाही.” डॉक्टरने कपाळावरचा दिवा विझवला. “मदरबोर्ड गेला, म्हणजे आतला मुख्य भागच. आता माझ्या दुकानातही उठायचा नाही. मोठ्या केंद्रात पाठवावा लागेल. आठ-दहा दिवस. नाही तर मग काकू, बाहेरची बाधा. माझ्याकडे आला की हसायचा, तुमच्या घरी आला की डोळे मिटायचा.”

“आठ दिवस? परीक्षा परवा आहे!”

“आणि आधीच सांगतो, तिथे ते पहिल्यांदा आतलं सगळं पुसतात, मग बघतात.”

“पुसतात म्हणजे?”

“पाटी कोरी.”

मावशी खाली बसल्या. त्यांनी पुस्तकात खूण घातली आणि ते मिटलं. मग म्हणाल्या, “न्या. निदान यंत्र तरी वाचेल.” डॉक्टर दुकानातून खोकं आणायला गेला. मावशींनी भाचीला फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “तू ये. पुस्तक उघडून मी तुला तोंडी वाचून दाखवते, जेवढं होईल तेवढं. मी थांब्यावर येते तुला घ्यायला. एकटी रस्ता ओलांडू नकोस!”

मित्रांनो, तो तास मी विसरणार नाही. घरात कुणी नाही. मी उघडा, कोपऱ्यावर हात नाही, अर्धं मिनिट कधीच उलटून गेलेलं. मी टक्क जागा होतो, स्क्रीन लखलखत होता, आणि बघायला एक माशीसुद्धा नव्हती. थोड्या वेळाने खोकं येणार होतं, आणि मग मी जिवंतपणी कोरा होणार होतो. आठ महिने, पाचशे शहाण्णव पानं, दोन बोटं.

किल्ली फिरल्याचा आवाज आला. वकीलीणबाई! मावशी थांब्यावर कोपर धरायला उभी असणार, हे ठाऊक असल्यामुळे ती एक थांबा आधीच उतरून, काठी टेकत, एकटी चालत आली होती. ती टेबलाशी आली, खुर्ची चाचपली, माझ्यासमोर बसली. माझा सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. तिच्या कपाळावरचा घामसुद्धा चमकत होता. बघा काय नशीब! तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा घरात कुणा आपल्या माणसासमोर उजळलो, आणि ते माणूस नेमकं हे.

तिने मान वाकवून माझ्या कुशीला कान लावला.

“पंखा चालू आहे की,” ती पुटपुटली. “मग मेलास कसा?”

तिची बोटं कळफलकावर सरकली. तीन कळा एकदम, मग एक. मला वाचा फुटली! ‘मजकूर उघडला आहे,’ मी म्हणालो. सर्दी झालेल्या त्या आवाजाचा मला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला.

ती दचकली आणि मग हसली. “अरे लबाडा! वाच. शेवटचं प्रकरण.”

मी वाचू लागलो. मध्येच मावशींनी कंसात स्वतःसाठी लिहिलेलं आलं, तेही मी त्याच गंभीर आवाजात वाचलं, ‘इथे मूळ लेखकाची चूक आहे, मी दुरुस्त केली आहे. कोर्टात कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नये.’ ती इतकी हसली, की तिच्या मांडीवरची झोळी खाली पडली.

तेवढ्यात दार उघडलं. “अगं, मी तिथे तीन बसगाड्या बघितल्या! कोणी आणलं तुला? रस्ता...” आणि मावशी दारातच थांबल्या. माझी पाठ त्यांच्याकडे होती. “हा... बोलतोय?”

“मगाचपासून. ये, ऐक.”

मावशी धावत आल्या. “बाळा!” म्हणाल्या. हे मला होतं की तिला, कोण जाणे. आणि हात माझ्या कोपऱ्यावर ठेवला. ‘साक्षीदाराच्या जबाबाची...’ इथे माझी वाचा गेली.



“काय केलंस?” वकीलीणबाईंनी विचारलं.

“मी? मी काही नाही केलं.”

“मी दहा मिनिटं इथे आहे, तो बोलत होता. तू आलीस आणि गप्प झाला. काय केलंस, ते क्रमाने सांग.”

“आले. हात ठेवला. मायेने ठेवला!”

“माया बाजूला ठेव, हात कुठे ठेवलास ते सांग. उचल. दाराशी जाऊन उभी राहा.”

“अगं, पण...”

“साक्षीदाराने दाराशी जायचं.”

मावशी दाराशी गेल्या. अर्धं मिनिट गेलं. मी जागा झालो आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. मावशींनी “अरे देवा” म्हटलं.

“आता ये. उजवा हात ठेव.”

मी वाचतच राहिलो.

“डावा.”

मी गप्प.

“डाव्या हातात काय आहे?”

“काही नाही. हात आहे.”

“आणि हातावर?”

“हा पट्टा. तूच दिलेला.”

वकीलीणबाईंची बोटं पट्ट्यावरून फिरली आणि आतल्या एका टणक टिकलीवर थांबली.  मग तिने झोळी चाचपून ब्रेल लिहायचा लोखंडी टोचा काढला आणि मावशींचं मनगट हातात घेऊन टोक पट्ट्याजवळ नेलं. टक्! टोचा तिच्या बोटांतून उडून पट्ट्याला चिकटला.

“दुकानदार म्हणाला, आत दुखणं ओढणाऱ्या टिकल्या शिवल्यात,” ती हळूच म्हणाली. “कसल्या टिकल्या, हे मी विचारलंच नाही. सबंध जगाची उलटतपासणी घेते मी, त्याचीच नाही घेतली. मावशी, आरोपी मीच निघाले गं.”

डॉक्टर खोकं घेऊन दारात केव्हा येऊन उभा राहिला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो आत आला. पट्टा माझ्या कोपऱ्याजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ नेला. मी बिचारा मिटत, उघडत होतो. “लोहचुंबक,” तो म्हणाला. “झाकणातही हेच असतं, छोटंसं. ते जवळ आलं की आतल्याला वाटतं, झाकण लागलं. काकू, तुम्ही तीन आठवडे मनगटावर झाकण बांधून फिरताय.” मग जरा खाकरून, “तरी मी म्हणत होतो, बाहेरची बाधा आहे.”

खरं सांगतो, मला पहारेकऱ्याचा राग आला नाही. त्याने इमानेइतबारे वर्दी दिली. मी समोरचा चष्मा बघूनही वर्दीच खरी मानली, त्यात त्याचा काय दोष?

वकीलीणबाईंनी झोळीतून पेन ड्राइव्ह काढला.

“पण अजून तपासलेलं...” मावशी म्हणाल्या.

“मावशी.”

“बरं. घे.”

डॉक्टरने खोकं परत नेलं. नेण्यापूर्वी माझा जुना स्क्रीन न विचारताच परत बसवून दिला आणि नवा पिशवीत घातला; तेवढी लाज त्याला होती. जुना सोबती आणि मी दोन दिवस एकमेकांशी काही बोललो नाही. दोघंही निर्दोष सुटलो होतो, पण सुटल्यावर काय बोलायचं असतं, ते कारखान्यात शिकवलेलं नव्हतं. तो ओरखडा मात्र आपल्या जागेवर होता. बघून बरं वाटलं.

उरलेली सोळा पानं मावशींनी त्याच रात्री जागून टंकली. पट्टा कपाटात गेला. पुस्तक दाबून धरायला वकीलीणबाई समोर बसली. मावशी “उलट” म्हणाल्या की ती पान उलटायची. बुधवारी दिवसभर मी तिप्पट वेगाने वाचलं. मावशी एकदाही मुंग्यांबद्दल बोलल्या नाहीत.

गुरुवारी मी मावशींच्या खांद्यावरच्या पिशवीत, झाकण मिटून, म्हणजे या वेळी खरोखर मिटून, परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. पिशवी हलली, त्यावरून मावशींचा हात तिच्या कोपराकडे गेला हे मला कळलं. तो मध्येच थांबला, हेही.

“किती पायऱ्या आहेत?” वकीलीणबाईंनी विचारलं.

“नऊ. मग डावीकडे दार.”

“मग जा तू. तीन तासांनी ये.”

“इथेच थांबते.”

“थांब. पण इथेच थांब.”

काठीचा आवाज मी मोजला. नऊ टकटक, मग जराशी थांबून डावीकडे वळलेली दहावी. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा डावा हात कुठे होता, ते मला ठाऊक नाही. माझ्यावर नव्हता, एवढं खरं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या. मऊ फडक्याने पुसा, फटीत बिस्किटं टाकू नका, आणि प्रत काढून ठेवा. तपासायचं राहिलं असलं तरी काढून ठेवा. आणि तुमचं कुणी बराच वेळ गप्प बसलं असेल, तर मदरबोर्ड गेला म्हणायच्या आधी त्याच्यावरचा हात जरा उचला. उचलून अर्धं मिनिट थांबा. आम्हाला उठायला तेवढा वेळ लागतो.